सोळा दिवस आणि चार वर्षे

'यादवी' हा शब्द आपल्या भाषेला महाभारताने दिला. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढले आणि एकमेकांच्याच हातून नाश पावले. तेव्हापासून घरच्याच माणसांनी घरच्या माणसांवर उगारलेल्या शस्त्राला आपण यादवी म्हणतो. परचक्र आले असता शत्रू कोण, हे कोणी सांगावे लागत नाही. यादवीत मात्र शत्रू आपलीच भाषा बोलतो, आपल्याच देवाची प्रार्थना करतो आणि पुष्कळदा त्याचे आडनावही आपलेच असते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशीच यादवी माजली. 1861 ते 1865 अशी चार वर्षे ती चालली आणि तिच्यात सहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या युद्धाचे मूळ गुलामगिरीत होते. दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे विस्तीर्ण मळे होते, आणि त्या राज्यांत राबणारी सुमारे 40 लाख कृष्णवर्णीय माणसे मालकांची मालमत्ता मानली जात. बैल विकावा तसा माणूस विकला जाई. आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या मळ्यावर, अशी ताटातूट होई आणि कायद्याला त्यात काहीच वावगे वाटत नसे. 1860 साली गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणारे अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच 11 राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. एप्रिल 1861 मध्ये सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा धडधडल्या आणि युद्धाला तोंड लागले.

हे सारे दूरदेशीचे खरे. परंतु त्याची धग आपल्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली होती. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि 1865 साली युद्ध संपताच तो ओसरून अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. दुसरा धागा याहून मोलाचा आहे. जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा अमेरिकेतील दासांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील सज्जनांना तो अर्पण केला. त्या झटणाऱ्यांत मुत्सद्दी होते, वक्ते होते, सेनापती होते. तशीच नांगर सोडून घोड्यावर बसलेली शेतकऱ्यांची पोरेही होती. मला सांगावयाचे आहे ते या पोरांविषयी.

मी मूळचा मराठीचा शिक्षक. पण गरज पडे तेव्हा इतिहासाचे तासही घेत असे. अमेरिकेच्या यादवी युद्धाला अभ्यासक्रमात जेमतेम दोन तास मिळत. लिंकन, दास्यमुक्ती, गेटिसबर्ग एवढी नावे फळ्यावर लिहून होत आणि घंटा वाजे. सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली, तेव्हा या युद्धातील एकाच रिसाल्याची हकीकत मी सावकाश वाचून काढली. मोठ्या युद्धाचा इतिहास वाचताना माणसे आकड्यांत हरवून जातात. एका रिसाल्याच्या इतिहासात ती पुन्हा नावानिशी भेटतात.

हा रिसाला म्हणजे इलिनॉय राज्याचा सातवा स्वयंसेवक रिसाला. 1861 च्या शरद ऋतूत, लिंकन यांच्या स्प्रिंगफील्ड गावाजवळच्या बटलर छावणीत तो उभा राहिला. युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेचे कायमचे सैन्य अवघे सोळा हजारांच्या आसपास होते. तेव्हा युद्ध लढावयाचे ते स्वयंसेवकांच्याच बळावर, हे उघड होते. राज्याराज्याने पलटणी उभारावयाच्या आणि त्या संघराज्याच्या हवाली करावयाच्या, अशी रीत होती. पूर्ण भरतीच्या रिसाल्यात बारा तुकड्या आणि हजारावर स्वार असत. गावातील दहा-वीस मुले एकाच दिवशी नाव नोंदवीत, एकाच तुकडीत जात. भाऊ भावाच्या शेजारी आणि विद्यार्थी आपल्या मास्तराच्या हाताखाली उभा राही. करार तीन वर्षांचा होता. तीन वर्षे म्हणजे किती, हे त्या वयात कोणाला कळते?

मराठ्यांच्या इतिहासात शिलेदार आणि बारगीर असे स्वारांचे दोन प्रकार तुम्ही वाचले असतील. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतून ज्याला घोडा मिळतो तो बारगीर. गंमत अशी की, हाच भेद अमेरिकेतही आढळतो. दक्षिणेचे स्वार बहुतांशी शिलेदार होते. त्यांचा घोडा पडला तर दुसरा त्यांनीच मिळवावयाचा, नाही तर खांद्यावर बंदूक टाकून पायदळात जावयाचे. उत्तरेचे स्वार बहुतांशी बारगीर होते. त्यांना घोडा सरकारकडून मिळे. दक्षिणेचा तरुण लहानपणापासून घोड्यावर मांड ठोकून वाढलेला असे. उत्तरेच्या शेतकऱ्याच्या मुलाला घोडा ठाऊक होता तो नांगराला किंवा गाडीला जुंपलेला. त्यामुळे पहिली दोन वर्षे उत्तरेच्या घोडदळाची टवाळीच अधिक झाली.

आणि घोडदळाचे आयुष्य म्हणजे काय? चित्रात दिसते ती उपसलेली तलवार आणि वाऱ्यावर उडणारी आयाळ. प्रत्यक्षात पहाटे उठून खरारा करावयाचा, तोबऱ्यात दाणा भरावयाचा, घोड्याच्या पाठीवर खोगिराने जखम केली आहे काय ते पाहावयाचे, नाल सैल झाला असेल तर नालबंदाकडे न्यावयाचे. दिवसभर रस्त्यांवर गस्त घालावयाची, पुलावर पहारा द्यावयाचा, आणि स्वतः जेवण्यापूर्वी पुन्हा घोड्याची उस्तवार करावयाची. या युद्धात दोन्ही बाजू मिळून दहा लाखांहून अधिक घोडे व खेचरे मेली असावीत, असा अंदाज आहे. त्या मुक्या जनावरांनी कोणत्याच करारावर सही केली नव्हती.

सातव्या रिसाल्याचा पहिला प्रमुख विल्यम केलॉग हा पेशाने वकील होता. 1862 साली प्रकृतीच्या कारणाने त्याने पद सोडले आणि एडवर्ड प्रिन्स हा दुसरा वकील प्रमुख झाला. त्या वर्षी रिसाला मिसिसिपी नदीकाठच्या न्यू मॅड्रिडच्या मोहिमेत होता, पुढे कॉरिंथच्या वेढ्यात होता. तेथे गोळीपेक्षा आजाराचे भय मोठे होते. उत्तरेच्या सैन्यातील एकंदर मृत्यू सुमारे 3,60,000; त्यांपैकी लढाईत किंवा जखमांनी मेले ते सुमारे 1,10,000. उरलेल्यांतील बहुतेकांना हगवण, विषमज्वर, गोवर आणि हिवताप यांनी नेले. सातव्या रिसाल्याचा हिशेबही याच जातीचा आहे. घरून येताना जो मुलगा वीरमरणाची कल्पना करीत आला होता, तो छावणीतल्या गोवराने मेला तर त्याच्या आईला कोणत्या शब्दांत कळवावयाचे, हा प्रश्न त्याच्या नायकाला अनेकदा पडला असेल.

या रिसाल्याच्या 'बी' तुकडीत फोर्ब्ज नावाचे दोन भाऊ होते. थोरला हेन्री पुढे तुकडीचा कप्तान झाला. धाकटा स्टीफन अवघ्या सतराव्या वर्षी भरती झाला होता. 1862 साली कॉरिंथजवळ स्टीफन शत्रूच्या हाती सापडला आणि चार महिने कैदेत राहिला. कैदेच्या वाटेवर मोबील शहरात त्याने ग्रीक भाषेच्या अभ्यासाचे पुस्तक मिळविले आणि तुरुंगात तो स्वतःच्या स्वतः ग्रीक शिकला. सुटका झाली तेव्हा शरीर खंगले होते. काही महिने रुग्णालयात काढून तो परत आपल्या तुकडीत दाखल झाला. माझ्या शिक्षकी मनाला या मुलाने तेव्हाच जिंकले, हे मी लपवीत नाही.

आता त्या सोळा दिवसांकडे वळतो. 1863 च्या वसंतात सेनापती ग्रँट मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर अडून बसला होता. पूर्व तीरावर व्हिक्सबर्गचे बळकट ठाणे दक्षिणेच्या हाती होते. त्याच्या खालच्या अंगाने नदी ओलांडावयाची, तर व्हिक्सबर्गचा सेनापती पेम्बर्टन याचे लक्ष दुसरीकडे वेधले पाहिजे होते. हे काम बेंजामिन ग्रिअर्सन याच्याकडे आले. (आपल्या देशाचे भाषासर्वेक्षण करणारे, ज्यांचा सातवा खंड मराठीला वाहिलेला आहे, ते ग्रिअर्सन निराळे.) हा ग्रिअर्सन इलिनॉयमधील जॅक्सनव्हिल गावचा संगीतशिक्षक! लहानपणी घोड्याने त्याच्या तोंडावर लाथ मारली होती. तो काही काळ आंधळाच झाला होता आणि चेहऱ्यावरचा व्रण कायमचा राहिला. घोड्याविषयी त्याच्या मनात अढी बसली होती. युद्धाने त्यालाच घोडदळात नेऊन बसविले.

17 एप्रिल 1863 रोजी पहाटे टेनेसी राज्यातील ला ग्रेंज गावाहून 1,700 स्वार निघाले. इलिनॉयचे सहावा व सातवा आणि आयोवाचा दुसरा असे तीन रिसाले आणि काही लहान तोफा बरोबर होत्या. प्रत्येकाजवळ पाच दिवसांचा शिधा होता आणि तो दहा दिवस पुरवावा, असा हुकूम होता. ग्रिअर्सनच्या खिशात मिसिसिपी राज्याचा एक छोटा नकाशा, एक होकायंत्र आणि एक मोरचंग होते. कोठे जावयाचे, हे स्वारांना कोणीच सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी जे घडले ते मला या साऱ्या मोहिमेचे मर्म वाटते. आजारी, थकलेले, घोडा लंगडू लागलेले असे सुमारे 175 स्वार वेगळे काढण्यात आले आणि त्यांना परत पाठविण्यात आले. सोबत्यांनी त्यांना थट्टेने 'क्विनीन पलटण' असे नाव दिले, कारण क्विनीन हे हिवतापाचे औषध. त्यांना हुकूम होता की, रात्रीच्या अंधारात चार-चारांच्या रांगांनी, आलेल्या वाटेनेच परत जावयाचे, म्हणजे चिखलातील टापांचे ठसे पाहून सारी फौजच माघारी गेली असे शत्रूला वाटावे. ज्यांना वाटले असेल की आपल्याला कुचकामी म्हणून घरी धाडले, तेच त्या घटकेला पुढे जाणाऱ्यांची ढाल झाले होते. दुसऱ्या दिवशी आयोवाचा रिसाला, त्याचा प्रमुख हॅच याच्यासह, पूर्वेकडे वळविण्यात आला. पाठलागावर असलेली शत्रूची फौज त्याच्यामागे लागली. हॅच लढत लढत, तिला आपल्यामागे ओढीत, 26 तारखेला ला ग्रेंजला परत पोहोचला. त्याला त्या मोहिमेची कीर्ती मिळाली नाही. पुढल्यांना मात्र मोकळी वाट मिळाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावरील मुलांची नावे दुसऱ्या दिवशी गावभर होतात. रात्री उशिरापर्यंत सतरंज्या उचलणारी मुले कोण, हे मात्र एखाद्या मास्तरालाच ठाऊक असते.

22 तारखेला पाळी आली 'बी' तुकडीची. कप्तान हेन्री फोर्ब्ज, त्याचा भाऊ स्टीफन आणि एकंदर पस्तिसेक स्वार मेकन गावाकडे पाठविण्यात आले. तेथील रेल्वेला धोका आहे असे शत्रूला भासवावयाचे आणि जमल्यास मागाहून येऊन मिळावयाचे. जमल्यास! शत्रूच्या मुलखात पस्तीस माणसे. एन्टरप्राइझ नावाच्या ठाण्याशी ते पोहोचले, तो तेथे शत्रूची मोठी फौज नुकतीच उतरलेली. पळावे तर पाठलाग होणार. तेव्हा कप्तान फोर्ब्ज पांढरा रुमाल उंचावून पुढे गेला आणि ग्रिअर्सनच्या नावाने त्याने त्या साऱ्या ठाण्याचीच शरणागती मागितली! समोरच्या अंमलदाराने विचाराला एक तास मागून घेतला. तो तास फोर्ब्जने उदार मनाने दिला, आणि त्या तासात पस्तीस स्वार जमेल तितक्या वेगाने दूर निघून गेले.

तिकडे मुख्य फौजेने 24 एप्रिलला न्यूटन हे स्थानक गाठले. व्हिक्सबर्गला पूर्वेकडून रसद नेणारा लोहमार्ग येथून जाई. सातव्या रिसाल्याचा उपप्रमुख ब्लॅकबर्न पुढे घुसला. त्याच्याही पुढे सार्जंट रिचर्ड सर्बी आणि त्याचे हेर होते. हे हेर शत्रूच्या वेषात असत. अक्रोडाच्या जातीच्या एका झाडाच्या सालीने रंगविलेले तपकिरी कपडे दक्षिणेचे शिपाई वापरीत. तेच अंगावर चढवून हे गावात शिरत, पाण्याचा तांब्या मागत, आणि गप्पांत सारी बातमी काढून घेत. पकडले गेले तर युद्धकैदी म्हणून वागणूक नाही. हेर म्हणून फास. न्यूटनला स्वार घरांआड दडून राहिले आणि दोन गाड्या स्थानकात शिरताच त्यांनी त्या ताब्यात घेतल्या. मिळून 38 डबे होते. एकीत दारूगोळा आणि शिधा होता. दुसरीत व्हिक्सबर्ग सोडून निघालेल्या कुटुंबांचे सामानसुमानही होते. ते सामान आधी उतरवून ठेवण्यात आले आणि मग गाड्यांना आग लावण्यात आली. इंजिने फोडली, रूळ तापवून वाकविले, तारा तोडल्या. पेम्बर्टनने या मूठभर स्वारांना अडविण्यासाठी चहूकडे फौजा धाडल्या, आणि ग्रँटला हवे होते ते हेच.

न्यूटनहून मागे फिरणे म्हणजे मृत्यूच्या तोंडी जाणे होते, म्हणून ग्रिअर्सन नैर्ऋत्येकडे वळला. वाटेतील पूल ओलांडावयाचे आणि मागे जाळावयाचे, हा क्रम ठरून गेला. 27 तारखेस स्ट्राँग नदीच्या पुलाला आग लावण्याची तयारी होते न होते, तोच अंधारातून तीन स्वार भरधाव आले. पुढे स्टीफन फोर्ब्ज होता. 'बी' तुकडी मागे येत आहे, आणि आपला पूल आपणच जाळावा अशी कप्तानसाहेबांची विनंती आहे, असा निरोप त्याने अदबीने दिला. पाच दिवस ज्यांची आशा सोडली होती ती तुकडी आली, ही बातमी रांगेतून पुढे पुढे गेली आणि पेंगुळलेल्या स्वारांनी जयघोष केला. ती पस्तीस माणसे आणखी काही घटका उशिरा आली असती, तर त्यांच्यासमोर जळका पूल आणि पाठीशी शत्रू उरला असता.

त्याच सुमारास पर्ल नदीवर प्रिन्सने निराळाच प्रयोग केला. नावाडी पलीकडच्या तीरावर होता. प्रिन्सने दक्षिणी हेल काढून, आम्ही अलाबामाचे स्वार आहोत, अशी त्याला साद घातली, आणि बिचाऱ्याने आपली तर खुशाल या काठाला आणली! हेझलहर्स्ट येथे हेरांनी तारघरातून पेम्बर्टनलाच तार ठोकली की, शत्रू पर्ल नदीपर्यंत आला, पण तर नष्ट झालेली पाहून त्याला उतरता आले नाही. याच गावी दारूगोळ्याच्या डब्यांची आग घरांपर्यंत पोहोचली, तेव्हा ती लावणारेच स्वार गावकऱ्यांबरोबर ती विझवू लागले. यादवीचे यापेक्षा बोलके चित्र मला ठाऊक नाही.

या चतुराईच्या कथा ऐकताना गनिमी काव्याची आठवण होऊन आपली छाती फुगते. तथापि मला त्या नुसत्या गमतीच्या गोष्टी म्हणून सांगवत नाहीत. 1 मे रोजी टिकफॉ नदीवरील पुलाशी शत्रू दबा धरून बसला होता. ब्लॅकबर्न हा धाडसी आणि उतावीळ. मागची फौज येण्याची वाट न पाहता तो हेरांसह सरळ पुलावर गेला आणि गोळ्यांच्या वर्षावात कोसळला. सर्बीच्या मांडीत गोळी घुसली. पूल मागाहून जिंकला गेला. पण थांबण्यास सवड नव्हती. जखमींना जवळच्या मळ्यावरील घरात ठेवून पुढे जावे लागले. सोबत्यांनी प्रथम काय केले असेल? सर्बीच्या अंगावरचे शत्रूचे कपडे काढून त्याला त्याचा स्वतःचा गणवेश चढविला, म्हणजे कैद झाली तरी फास टळावा. तो वाचला आणि 1865 साली त्याने या दौडीवर पुस्तकही लिहिले. ब्लॅकबर्न मात्र त्याच महिन्यात परक्या छपराखाली वारला.

शेवटच्या 28 तासांत 76 मैल, म्हणजे सुमारे 122 किलोमीटर, अन्नाविना आणि झोपेविना कापले गेले. स्वार खोगिरातच झोपत. चालकाविना घोडे रांगेतून भरकटत आणि कोणी तरी त्यांना वळवून आणी. 2 मे रोजी बॅटन रूज शहर काही मैलांवर आले, तेव्हा ग्रिअर्सनने थांबण्याचा हुकूम दिला. माणसे जमिनीवर पडली ती निजलीच. तो स्वतः जवळच्या घरात गेला. तेथे पियानो होता. आपण निजलो तर कोणीच जागे राहणार नाही, हे ओळखून तो संगीतशिक्षक पियानो वाजवीत बसला. इतक्यात त्याचा एक स्वार, घोड्यावर झोपलेलाच, थांबण्याचा हुकूम न ऐकता पुढे गेला आणि बॅटन रूजच्या उत्तरेकडील सैन्याच्या चौकीवर जाऊन धडकला. अशा रीतीने या पराक्रमाची पहिली वार्ता एका झोपलेल्या माणसाने पोहोचविली!

सोळा दिवसांत सुमारे 600 मैल, म्हणजे 965 किलोमीटर. 50 ते 60 मैल लोहमार्ग व तारा उद्ध्वस्त. 500 शत्रू कैद करून वचनावर सोडलेले. स्वतःची हानी, ग्रिअर्सनच्या अहवालाप्रमाणे, 3 ठार, 7 जखमी, 5 आजारी म्हणून मागे ठेवलेले आणि 9 बेपत्ता. 30 एप्रिलला, पेम्बर्टनचे स्वार दुसरीकडे धावत असता, ग्रँटने नदी ओलांडली होती. 4 जुलैला व्हिक्सबर्ग पडले. बॅटन रूजच्या रस्त्यांतून ही धुळकट फौज मिरवत गेली, तेव्हा तिच्या मागे, मळे सोडून वाटेत येऊन मिळालेले शेकडो कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष होते. 1 जानेवारी 1863 च्या घोषणेने ते कागदावर मुक्त झालेले होते. पण कागद मळ्यापर्यंत पोहोचत नाही. घोडा पोहोचला, तेव्हा ते निघाले. आकड्यांच्या अहवालात रुळांचे मैल मोजलेले आहेत. मला वाटते, मोजावयाचे होते ते या माणसांना.

बहुतेक पुस्तके येथे संपतात. रिसाल्याची चाकरी मात्र संपली नव्हती; अजून अडीच वर्षे उरली होती. मे महिन्यातच तो पोर्ट हडसनच्या वेढ्यात गेला आणि 9 जुलैला ते ठाणे पडेपर्यंत तेथे राहिला. त्यानंतर पुन्हा गस्ती, पुन्हा पूल, पुन्हा हिवताप. तीन वर्षांचा करार संपत आला, तेव्हा पुष्कळांनी पुन्हा नाव नोंदविले. पहिल्या वेळी त्यांना युद्ध म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. या वेळी ते पुरते ठाऊक होते. माझ्या मते त्यांची खरी सही ती दुसरी. डिसेंबर 1864 मध्ये नॅशव्हिलच्या लढाईत, याच हॅचच्या हाताखाली, हे स्वार घोड्यांवरून उतरून पायी टेकडीवर चढले आणि मोर्चे काबीज करणाऱ्यांत सामील झाले. ज्यांनी घोड्याच्या पाठीवर नाव कमावले, ते आपली मोठी लढाई पायांनी लढले, याची नोंद मिरवणुकांच्या वर्णनांत सापडत नाही. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या मुख्य सेनापतीने शस्त्र ठेवले. तरी या रिसाल्याला घरी जाण्यास नोव्हेंबर उजाडला.

ग्रिअर्सन गावी परतून पेटी शिकवीत बसला नाही. 1866 साली कृष्णवर्णीय स्वारांचा दहावा रिसाला उभारण्यात आला, त्याचे नेतृत्व त्याने पत्करले. अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांना अशा पलटणीचे प्रमुखपद कमीपणाचे वाटे. ग्रिअर्सन दोन दशकांहून अधिक काळ आपल्या स्वारांच्या बाजूने वरिष्ठांशी भांडत राहिला.

आणि स्टीफन फोर्ब्ज? विसाव्या वर्षी तो कप्तान झाला होता. युद्धानंतर त्याने काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला, मग शाळेत शिकविले, आणि अखेर कीटक, मासे व पक्षी यांच्या अभ्यासाला वाहून घेतले. सरोवर हे एक लहानसे जगच आहे, त्यातील एका जिवाला धक्का लागला तर साऱ्यांना लागतो, हे दाखवून देणारा त्याचा 1887 चा निबंध परिसरविज्ञानाच्या पायाभूत लेखनात गणला जातो. 1907 साली त्याने इलिनॉयच्या इतिहासप्रेमी मंडळींसाठी या दौडीची हकीकत लिहिली. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती आणि तो राज्याचा कीटकतज्ज्ञ होता. शेतकऱ्यांची त्याच्याकडे येणारी पत्रे मक्यावरील किडीविषयी असत.